गाढविणीची पाठ

गोष्टीत शिंगरू विकले जाते, त्या पानावरची गाढवीण चित्रकार मृदुला टिपणीसने रडताना दाखवली होती. प्रकाशक निंबकरांनी चित्र परत सरकवले. “बाई, मुलांच्या पुस्तकात रडका चेहरा मला चालत नाही. बदला, नाहीतर पानच गाळतो.”

दुसऱ्या दिवशी मृदुलाने नवे चित्र पुढे ठेवले. गाढवीण रिकाम्या वाटेकडे पाहत उभी होती आणि वाचकाकडे तिची पाठ होती.

निंबकर बराच वेळ बघत राहिले. “अहो, ही तर जास्तच रडतेय!”

“चेहरा दिसतोय का कुठे, साहेब?”

पान राहिले. मृदुलाला मात्र जिंकल्याचे सुख लाभले नाही. आई गेल्यापासून कितीदा प्रयत्न करूनही कागदावर न साधलेले आईचे डोळे त्या पहिल्या चित्रात नेमके उतरले होते, आणि आता ते कुणालाच दिसणार नव्हते.