द्वारकेचा खडा

एका गावात केरबा नावाचा एक भोळा कुंभार राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. फक्त भलत्याच जागी वापरत असे.

त्याच्या बायकोच्या, द्वारकेच्या, पित्ताशयात खडा झाला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात काढा, नाहीतर जिवावर बेतेल.

त्याच आठवड्यात केरबानं बाजारातून घोंगडी आणली, दुकानदार म्हणाला त्या भावात.

द्वारका म्हणाली, "अहो, पहिल्या भावाला हो म्हणू नये. पाठ फिरवून चालू लागावं. मागून हाक येते."

"बरं."

केरबा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला. ऑपरेशनचा खर्च ऐकला, पाठ फिरवली आणि चालू लागला. मुद्दाम सावकाश चालला. एसटी स्टँडवर दोनदा वळून पाहिलं. घर आलं, हाक काही आली नाही.

द्वारका पोट धरून म्हणाली, "दवाखाना म्हणजे काय वांग्याची पाटी आहे? दुखण्याखुपण्यात घासाघीस करू नये. मागतील ते द्यावं, दाखवतील तिथं सही करावी."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर विमा एजंट आला. "बाजार खुला आहे काका. परवडेल ती पॉलिसी निवडा."

केरबानं निवडलं नाही. दाखवलं तिथं सही केली आणि चाकाची मोटर विकून मागितले ते पैसे दिले. मग एजंट म्हणाला, "काकूंचा खडा आधीचा आहे, तो तीन वर्षं यात बसत नाही. आजारी माणूस आमच्या काय कामाचा? निरोगी आणायचा."

द्वारकेनं कपाळाला हात लावला. "ऐकलंत? निरोगी माणूस लागतो त्यांना. आता सरकारी कार्ड घ्या आणि तालुक्याला चला. तिथं सरकार पैसे भरतं."

"बरं."

केरबानं कार्ड घेतलं, द्वारकेचे रिपोर्ट घेतले. द्वारकेला मात्र घरीच ठेवलं. ती आजारी होती.

तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कार्ड कुणाचं?"

"माझं."

"खडा?"

"आहे की. फोटोत दिसतोय."

"इथं सही करा."

केरबानं केली. कागद पुरे होते. माणूस कुणी तपासला नाही.

चार दिवसांनी केरबा पोटाला टाके घेऊन घरी आला. द्वारका उंबऱ्यावर वाकून बसली होती.

"झालं काम," तो म्हणाला. "एक पैसा लागला नाही."

"आणि खडा?"

केरबानं कागद पुढे केला. "हे बघ, शिक्का मारून दिलंय, खडा काढला म्हणून. आता कण्हायचं थांबव. सरकारनं पैसे भरलेत."