डावा कोपरा

जिथे कुणीच उभं नाही, तिथे चेंडू मारणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? वेडा?

त्सुनेओही मनात तेच म्हणायचा. तोंडाने मात्र म्हणायचा, "सेन्सेई." जपानात गुरुजींना असंच म्हणतात.

हिसामात्सु सेन्सेई म्हणजे साधी असामी नव्हे. समुद्रापार फुटबॉल खेळायला गेलेल्या अगदी पहिल्या जपानी पोरांपैकी ते एक. युद्धानंतर उजाड मैदानावर मुलं गोळा करून त्यांनीच पुन्हा खेळ मांडला. रोज सराव संपला की ते एक चेंडू डाव्या कोपऱ्यात मारत. तिथे कुणी नसे.

त्या संध्याकाळी त्सुनेओ तणतणतच आला.

"परदेशी जाणाऱ्या संघात माझं नाव नाही?"

"नाही."

"सगळ्यांत जास्त गोल माझे आहेत, सेन्सेई!"

"आणि पास?"

"कुणाला देऊ? वेळेवर पोहोचतं कोण? एकेक गोगलगाय आहे नुसती."

सेन्सेई बराच वेळ खोकले. मग त्यांनी चेंडू डाव्या कोपऱ्यात मारला.

"आण."

त्सुनेओ रमतगमत गेला, चेंडू काखेत मारून तसाच परत आला.

"चालत गेलास."

"घाई करायला तिथे होतं कोण?"

"मोरिता."

त्सुनेओ वरमला. ते नाव मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. मोरिता सेन्सेईंच्या डावीकडे खेळायचा. 'हिसा, तू टाक! मी पोहोचतो!' असं ओरडत सुटायचा. युद्धावर निघाला, तेव्हा आगगाडीच्या खिडकीतूनही तो हेच ओरडला होता.

"सेन्सेई... ते आता यायचे नाहीत."

"अस्सं? बरं झालं सांगितलंस." म्हातारा हसला. ते हसू ओठांपुरतंच होतं.

कुंपणाला माती सारखी करायची लाकडी फळी टेकवलेली होती. लांब दांड्याची, आडव्या पंखांची. चतुर किड्यासारखी दिसते म्हणून पोरं तिला चतुर म्हणत. सेन्सेईंनी ती उचलली आणि धापा टाकत डावा कोपरा सारखा करू लागले.

"पावलं उमटवून ठेवलीस बघ. सकाळी माझा उगाच घोटाळा झाला असता."

"सकाळी... तुम्ही इथे पावलं बघता?"

फळी मातीवरून फिरत राहिली.

"रोज?"

सेन्सेईंनी नुसती मान डोलावली.

"आणि रोज कोपरा कोराच असतो, तरी पुन्हा चेंडू टाकता? कशासाठी, सेन्सेई?"

सेन्सेई थांबले. दांड्यावर हनुवटी टेकून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"तो आला नाही, हा त्याचा दोष नव्हे. चेंडू गेला नाही, तर तो माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेई अंथरुणातून उठलेच नाहीत. संघ बंदराकडे निघाला, तेव्हा त्सुनेओ मैदानावर एकटाच होता. त्याने चेंडू डाव्या कोपऱ्यात मारला आणि त्याच्यामागे जीव खाऊन धावला. कोऱ्या मातीवर त्याची पावलं उमटली.