न तडकलेली शेंग

माणूस नुकताच शेती शिकत होता, तेव्हाची गोष्ट. मुगाच्या शेंगा पिकल्या की उन्हात तडकायच्या आणि दाणे मातीत उधळायच्या. एक शेंग मात्र मिटलेलीच राहिली.

“अगं, उघड की! लेकरांना आतच कुजवणार का?” शेजारणींनी टोमणा मारला.

“जोर लावतेय गं, पण शिवण उसवतच नाही,” ती रडवेली झाली.

शेंगा तडकू नयेत म्हणून बायका त्या पहाटेच, दव असताना तोडायच्या. त्या दिवशी शेतकरीण भिवराला उशीर झाला. ऊन चढून सगळ्या शेंगा फुटल्या होत्या. भरलेली ही एकच.

“थांबलीस गं बाई माझ्यासाठी!” म्हणत भिवराने तिचे दाणे बियाण्याला राखले.

पुढच्या सुगीला भर दुपारी त्या शेंगेच्या लेकींची अख्खी ओळ मिटून उभी होती. भिवरा सावकाश तोडत होती, आणि टपोऱ्या शेंगा पेरणीसाठी बाजूला ठेवत होती.