कासारणीनं गाव निवडलं

एका गावात एक कासारीण होती. लग्न होऊन नुकतीच सासरी आली होती, पण बांगड्या भरण्यात तिचा हात असा हलका, की काकण कधी चढलं ते बाईला कळतसुद्धा नसे. पुढे त्या गावच्या विहिरी आटल्या, माणसं पांगली. मग बांगड्या भरायच्या कुणाला? सासऱ्यांनी होतं नव्हतं ते घालून गाडीभर बांगड्या घेतल्या, लेकाला आजारी आईपाशी ठेवलं आणि सुनेला घेऊन ते नवं गाव शोधायला निघाले. चुकीच्या गावात बस्तान मांडलं, तर माल पडून राहणार आणि घरची चूल विझणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वाटेत एक मोठी पेठ लागली. वेशीवर नक्षीची कमान, आत फरसबंद रस्ते. सासरे हरखूनच गेले.

"सूनबाई, गाव असावं तर असं! आत्ताच गाळा ठरवतो, चांगला वर्षभराचा."

"जरा थांबा, मामंजी. मी पाणी घेऊन येते."

पाणी आणायला गेलेली सून सगळी पेठ पाहत गेली. हलवायाच्या परातीतले पेढे वाळून तडकले होते. चांभारापुढे शिवायला आलेल्या जुन्या वहाणांचा ढीग होता, पण नवा जोड एकही नव्हता. पाणवठ्यावर, वेशीपाशी बांगड्यांची गाडी पाहून आलेल्या एका बाईनं विचारलं, "कासारीणबाई, लहान मापाच्या आहेत का हो? ह्या गळून पडतात."

तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. शेजारणीच्या हातात तर चार रंगांच्या उरल्यासुरल्या. कासारणीनं पहिलीचं मनगट हातात घेतलं.

"अक्का, हात असे कशानं वाळले?"

"व्यापाऱ्यांचे तांडे आता घाटापलीकडून जातात, बाई. इथं कोण थांबतंय?"

कासारणीनं गाडीतून लहान मापाच्या बांगड्या आणून त्या दोघींना भरल्या आणि काही न घेता परतली.

"मामंजी, हे गाव अर्धपोटी आहे. पुढे चला."

"अर्धपोटी? अगं, ती कमान बघ, कमान!"

"कमानीला बांगड्या भरायच्यात का?"

माघार घेतील तर ते सासरे कसले! "बरं, तुझंच खरं. माल पडून राहिला, तर घरी जाऊन तूच सांगायचं."

घाटापलीकडचं गाव पाहून तर त्यांनी कपाळावर हातच मारला. शेणामातीची घरं आणि गुडघाभर चिखल. सून मात्र डोळे उघडे ठेवून पाहत होती. कुत्री इतकी तृप्त, की गाडी पाहून भुंकायलाही उठली नाहीत. सुतारापुढे नवी कोरी चाकं रचलेली होती. पोरांच्या मुठीत गुळाचे खडे होते. एका दारात एक बाई तेल लावून लावून दमली, पण मनगटातली बांगडी काही निघेना. शेवटी दगडानं टिचकावून वाढवावी लागली.

"मामंजी, बैल सोडा," सून म्हणाली.

सासरे गाडीतच फुगून बसले. तेही फार वेळ जमलं नाही. पारावर बायकांची ही झुंबड उडाली! "आधी माझ्या लेकीला भरा, परवा तिची हळद आहे!" "मी केव्हाची बसलेय!" कासारणीची बोटं दुखून आली, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सासरे गाडी आणि पार यांच्यामध्ये नुसते पळत होते. दिवस कलला, तेव्हा गाडीत फक्त पेंढा उरला होता.

पाटलीणबाई स्वतः आल्या. "आता कुठं जाऊ नका. पारामागची जागा तुमची. घरच्यांनाही घेऊन या."

"जातोय कुठं?" सासऱ्यांची छाती फुगली. "आमच्या सुनेनं निवडलेलं गाव आहे हे!"

आणि मग ज्यांनी विचारलं त्यांना, न विचारलं त्यांनाही, ते हेच सांगत सुटले.

तात्पर्य: परक्या गावाची खरी परिस्थिती जाणून घ्यायची, तर तिथली माणसं रोज काय खातात, काय वापरतात ते आधी पाहावं, आणि जे दिसलं ते ठामपणे सांगावं.