पंगतीतला शेवटचा

"एका पोरीपायी बत्तीस जणांचा खोळंबा करायचा का, बुवा?"

मठाच्या ओसरीवर बसल्या बसल्या भास्कर मास्तरांनी विचारलं. चौथीचा वर्ग त्यांचा. दरवर्षी पोरं शिष्यवृत्तीला लागायची, म्हणून पंचक्रोशीत नाव. लहानपणी दामूबुवांच्याच हाताखाली बाराखडी गिरवलेली, म्हणून विचारायला आले. विचारायला कसले, हो म्हणवून घ्यायला.

"कोणती पोर?"

"ऋतुजा. इथं मठात भाकऱ्या करते ना, त्या मंगलची. अजून जोडाक्षर वाचत नाही. बाकीचे धडा संपवतात, ही पहिल्या ओळीवर. शहरात अशा मुलांची वेगळी शाळा आहे. शाळा सोडल्याचा दाखला लिहून आणलाय, सही तेवढी राहिली."

"मंगलला सांगितलंत?"

"आज सांगतो."

बुवांनी आत मांडलेल्या पानांकडं बघितलं.

मग म्हणाले, "आधी जेवून घ्या."

पंगत बसली. मास्तरांची दाढ दोनच दिवसांपूर्वी काढलेली. एका बाजूनं चावायचं, थांबायचं, परत चावायचं… बाकीच्यांची ताटं रिकामी झाली, तरी त्यांची अर्धी भाकरी तशीच.

"मास्तर, भाकरीला पाढे शिकवताय काय?" पलीकडून कुणीतरी म्हणालं. पंगत हसली. मास्तरांचे कान तापले.

मंगल वाढायला आली. तिनं ताटाकडं बघितलं, त्यांच्या सुजलेल्या गालाकडं बघितलं, आणि काही न विचारता कढत आमटी ओतली.

"कुस्करून खावा, मास्तर. मऊ पडंल."

मास्तर भराभर गिळू लागले. ठसका लागला. वर बघतात तर पंगत जागची हललेली नाही. सगळ्यांचे उष्टे हात वाळत चाललेले.

शेवटच्याचं होईस्तोवर कुणी उठायचं नाही, ही मठाची रीत. मास्तरांना ती लहानपणापासून पाठ होती. फक्त शेवटचे ते कधी नव्हते.

"मी उठतोच, बुवा." ते अर्धवट उठले. "माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा…"

तेवढ्यात खिशातला दाखला कुरकुरला.

मंगल आमटीची पळी घेऊन समोर उभीच होती.

बुवांनी वाळलेला हात आपल्या रिकाम्या ताटावर तसाच धरला.

"बसा, मास्तर. सावकाश होऊ द्या."