किल्ल्याच्या दरवाजाला कीटाचे सुळे

खैरगडच्या राजाला किल्ल्याच्या दरवाजासाठी दोनशे लोखंडी सुळे हवे होते. तेही पंधरा दिवसांत. आणि डोंगराला कुदळ लावायची नाही!

झालं होतं असं, की मुलगा व्हावा म्हणून राजा डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता, ‘मुलगा झाला तर तुझा डोंगर पुन्हा कुणी खणणार नाही.’ गेल्या वर्षी मुलगा झाला आणि लोखंडाची खाण बंद झाली. शेजारच्या राज्यातून लोखंड आणायचं तर राजाचा तोरा आड येई. नांगराचे फाळ वितळवायचे तर पेरणी तोंडावर आलेली.

“कुठूनही काढा,” राजानं भट्टीवाल्यांना बजावलं. “नाही जमलं तर तुमच्या चाळीसही घरांनी गाव सोडायचं. रिकाम्या भट्ट्या मला नकोत.”

राजाचा हट्ट म्हणजे डबक्यात बसलेली म्हैस. ओढणारा दमतो, ती उठत नाही. भट्टीवाल्यांनी निमूटपणे भांडीकुंडी बांधायला घेतली.

त्यांची ओझी वाहायची गोजरा. तिची सहा गाढवं होती. डोंगरावरून खनिज भट्टीवर आणायचं आणि भट्टीतलं कीट ओढ्याकाठी नेऊन टाकायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. लोखंड गाळताना जो मळ निघतो आणि थंड झाला की काळा दगड होऊन बसतो, ते कीट. त्याचा ओढ्याकाठी टेकाडाएवढा ढिगारा झाला होता. भट्टीवाले गेले की गोजराचीही चूल विझणार होती. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, लोखंड हाय. वड्याकाठी पडलंय.”

कारभारी राघोपंत फिसकन हसले. “अगं, तो कचरा आहे! मीच तो तिथं टाकायला लावला.”

“मग पंत, दोन पाट्या उचलून बघा की. येकीत वड्यातलं धोंडं, येकीत कीट. पाट्या सारख्याच, शीग लावून भरलेल्या.”

राजाला गंमत वाटली. त्यानं मान हलवली आणि पंतांना पागोटं काढावं लागलं. धोंड्यांची पाटी त्यांनी कशीबशी डोक्यावर पेलली. कीटाची पाटी शिपायांनी डोक्यावर ठेवली मात्र, पंत मटकन खाली बसले.

“दगडापरीस जड, म्हंजे आत काहीतरी राह्यलंय,” गोजरा म्हणाली. “माझी गाढवं धोंड्यांच्या भरल्या गोणी नेत्यात, कीटाच्या निम्म्याच. त्यास्नी वीस वर्सं ठावं हाय.”

“म्हणजे माझ्या दरबाराला कळलं नाही ते गाढवांना कळलं?”

“दरबारानं वझं उचललं न्हाई, महाराज.”

राजानं ओठ चावून हसू दाबलं आणि पंधरा दिवस दिले.

मग ओढ्यावर नुसती गर्दी उसळली. पुरुषांनी घणांनी कीट फोडलं, बायकांनी उखळात कुटलं. परातीत घेऊन वाहत्या पाण्यात हलवलं, की हलकी वाळू वाहून जाई आणि तळाशी जड, काळे, चमकते दाणे उरत. ते दाणे पुन्हा भट्टीत गेले. भाते दिवसभर फुसफुसत राहिले. पंधराव्या दिवशी दोनशे सुळे दरवाजावर ठोकून झाले, वर सात उरले.

राजा खूश होऊन हात फिरवून पाहतोय, तोच राघोपंत पुढे झाले. पाटीचा राग अजून मानेत होता.

“महाराज, घात झाला. हे लोखंड देवीच्या डोंगरातलंच आहे. नवस मोडला! या बाईला आणि भट्टीवाल्यांना आजच हद्दपार करा.”

राजाचा चेहरा उतरला. पाळण्यातलं पोर त्याच्या डोळ्यांपुढे आलं. “गोजरा, हे खरं?”

गोजराची जीभ काही अडखळली नाही.

“महाराज, पंतास्नीच इचारा, वड्याकाठी व्हतं ते काय व्हतं? कचरा म्हनत असतील, तर कचऱ्यानं देवीचा नवस मोडत न्हाई. लोखंड म्हनत असतील, तर ते डोंगरातनं निघालं नवसाच्या कितीतरी आधी. मग देवीचं काही गेलं न्हाई, पर सरकारचं लोखंड वीस वर्सं वड्यात फेकायला लावलं कुनी, त्येवढं पंतांनी सांगावं.”

राजानं पंतांकडे पाहिलं. “बोला पंत. कचरा की लोखंड?”

पंतांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, “कचराच, महाराज.”

राजा इतका हसला, इतका हसला, की दरवाजाला टेकायला गेला आणि सुळा टोचून ओरडतच पुढे आला. मग डोळे पुसत म्हणाला, “भट्टीवाल्यांनी इथंच राहायचं. आणि पंतांनी सर्वांसमोर कचरा ठरवलाय, तेव्हा दरबारानं त्यावर हक्क सांगायचा प्रश्नच नाही. गोजरा, तो अख्खा ढिगारा आजपासून तुझा!”