कावळ्याचा वाटखर्च

फार वर्षांपूर्वी सागाच्या एका रानात शेवंता नावाची खार राहत होती. “दाणे माझ्याकडे ठेव, थंडीत दुप्पट करून देईन,” असं सांगून एका मुंगसाने तिचा साठा नेला. थंडी आली आणि मुंगूस पसार झालं. ढोलीत पिल्लांपुरते ओंजळभर दाणे उरले. लाजेने शेवंताने कुणाला काहीच सांगितलं नाही.

एके सकाळी कावळा आला. “मुंगसाचं बीळ मला ठाऊक आहे. सगळे दाणे आणून देतो. वाटखर्चाला ते उरलेले दे. लवकर! नाहीतर मुंगूस घाट उतरून जाईल.”

शेवंताने दाणे उचललेसुद्धा. मग ती थबकली. “माझे दाणे गेले, हे तुला कुणी सांगितलं?”

“देतेस की नाही?” कावळा चोच परजत ओरडला.

शेवंताने पिल्लांना मागे ओढलं आणि लाज सोडून हाक मारली, “अहो, धावा! मला फसवलं हो!”

झुडपातून ससा आला, शेजारून पोपटीण आली. “मुंगसाने आम्हालाही,” दोघं खाली मान घालून म्हणाले. कावळा उडाला.

पुढे तिघांनी मिळून मुंगसाचं बीळ शोधलं. थोडेच दाणे हाती लागले, बाकीचे कधीच मिळाले नाहीत. मात्र कावळा ज्या ज्या ढोलीपाशी गेला, तिथे त्याच्याआधी शेवंता सावध करायला पोचलेली होती.